एकेक वल्हं

शनिवार, संध्याकाळ

पोचलो एकदाचे. दुकानाला कुलूप लावून आठवडाभर बाहेर राहायची ही माझी पहिलीच वेळ. निम्मा रस्ता मी कुलूप ओढून पाहिलं होतं की नाही, हेच आठवत होतो. बायको म्हणाली, "चष्मे कुठे पळून जात नाहीत." मागच्या सीटवरून खार म्हणाली, "काड्या असतात ना त्यांना, पाय असल्यासारख्या." म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. ती माझ्याशी विनोद करताना हसत नाही, त्यामुळे विनोद होता की टोमणा, ते कळायला मार्ग नसतो.

खार म्हणजे माझ्या बायकोची अकरा वर्षांची मुलगी. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून तिच्या वडिलांनी ठेवलेलं हे नाव. ते तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेले. तिच्या आईचं आणि माझं लग्न या वर्षीच झालं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि माझं पहिलंच. दुकानावरच्या खोलीतून दोन बॅगा उचलून मी त्यांच्या घरी राहायला गेलो. त्या घरात खार, तिची आई आणि आजी. आजी म्हणजे खारच्या वडिलांची आई, माझ्या बायकोची सासू.

माझ्या त्या कोण, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मावशी, आत्या, मामी, काकू, साडू, जाऊ, विहीणबाई अशी एकेका शब्दात बसणारी इतकी नाती आपल्याकडे आहेत. पण बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या आईला काय म्हणायचं, याची सोय कोणी केलेली नाही. मी हाकच मारत नाही. समोर जाऊन उभा राहतो आणि त्या वर बघेपर्यंत थांबतो.

दर सुट्टीत हे लोक या तळ्याकाठी यायचे. खारचे वडील गेल्यापासून आले नव्हते. यंदा विषय आजींनीच काढला. "एकदा सगळे मिळून जाऊन येऊ," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "तुम्हीही चला." यामागे काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. मला न्यायचं त्यांना काही कारण नव्हतं.

केबिन लाकडाची आहे. मधे एक खोली, तिच्यात टेबल आणि लोखंडी शेगडी. दोन्ही बाजूंना झोपायच्या लहान खोल्या. दारातून गोटा भिरकावला तर पाण्यात पडेल इतकं तळं जवळ. पाण्याच्या मधोमध झाडांचं एक बेट. मोबाईल लागत नाही. फोन करायचा तर फाटकाजवळच्या ऑफिसात जायचं.

रविवार

सकाळी इथे चांगलीच थंडी असते. शेगडी पेटवायला गेलो आणि सगळ्यांना धुरामुळे बाहेर यावं लागलं. आजी पदर नाकाला लावून आत गेल्या, काहीतरी केलं, धूर थांबला. मला वाटलं सुटलो. तर त्यांनी जाळ विझवला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही पेटवा. धुराड्याची झडप आधी, मग काडी."

पेटवली. पुन्हा विझवायला लावली, पुन्हा पेटवायला लावली. "उद्यापासून हे काम तुमचं," म्हणाल्या. एखाद्याला बिनकामाचा ठरवायची ही सभ्य रीत असावी.

खार पायरीवर बसून गाजर कुरतडत बघत होती. मी विचारलं, "तुझे बाबा पेटवायचे का?"

"हं."

"पहिल्याच काडीत?"

"बाबा होते तेव्हा शेगडी पेटलेली असायची," म्हणाली आणि उठून गेली.

मला त्या माणसाबद्दल फार कुतूहल आहे, हे कोणाजवळ बोलता येत नाही. त्यांच्या घरात राहतो, त्यांच्या खुर्चीत बसतो, पण भिंतीवरच्या फोटोपलीकडे मला काही माहीत नाही. फोटोत बारीक अंगाचे, जाड भिंगांचा चष्मा. भिंगामागे डोळे लहान दिसतात, म्हणजे लांबचं अगदीच कमी दिसत असणार. एवढं मला धंद्यामुळे कळतं. बाकीचं इथे येऊन कळेल असं वाटलं होतं. खार सांगते की बाबांबरोबर सगळे होडीतून बेटावर जायचे. त्यामुळे आता माझ्या डोक्यातल्या त्या बारीक माणसाला रुंद खांदे फुटायला लागलेत.

मी स्वतः होडीत कधी बसलेलो नाही. धक्क्याला दोन होड्या बांधलेल्या आहेत. लांबून पाहिल्या.

सोमवार

आजी जेवण झालं की ऑफिसात जातात. काल गेल्या, आजही गेल्या. बायको म्हणाली, "पाय मोकळे करायला जात असतील." पण आज त्या निघाल्या तेव्हा त्यांच्या हातात चिठ्ठी होती, आणि ती त्या पुढे धरून, मागे नेऊन, परत पुढे धरून वाचत होत्या. त्यांचा चष्मा जुना झालाय, हे मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. बोलायची हिंमत झाली नव्हती. आज धीर करून समोर उभा राहिलो.

"घरी गेल्यावर दुकानात या. नंबर बदललाय तुमचा. नवा करून देतो."

"आता नवा कशाला," त्या म्हणाल्या. "माझं काम भागतंय. हिचे डोळे मात्र दर वर्षी तपासत जा. बापाचे डोळे घेतलेत हिने. शाळेत फळा दिसत नसला तरी सांगणार नाही, शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेईल."

माझ्याकडून चष्मासुद्धा घ्यायचा नाही, एवढा हा राग आहे. पण मग खारचे डोळे माझ्या स्वाधीन कसे करतात? माणसं कळायला अवघड.

मंगळवार

आज वेणीची शिकवणी. खारला पाठमोरी बसवली, मला शेजारी. "बघा. तीन पेड. मधला नेहमी सैल धरायचा, नाहीतर हिचं डोकं दुखतं आणि मग दिवसभर घर डोक्यावर घेते."

"तिची आई घालते ना," मी म्हणालो.

"तिची आई पहाटेच्या पाळीला गेली तर?"

बायको दवाखान्यात नर्स आहे, तेव्हा या बोलण्यात तथ्य होतं. पण पहाटेच्या पाळीला आजपर्यंत आजीच वेणी घालत आल्या आहेत. मी घातलेली वेणी खारने आरशात पाहिली. "पाण्यात भिजलेला दोर," म्हणाली. पण सोडली नाही. बहुधा आळसाने. संध्याकाळपर्यंत तशीच मिरवत होती.

त्यानंतरही सूचना थांबल्या नाहीत. खारला ताप आला की तो झरझर चढतो, वाट बघत बसायचं नाही. कांदा कच्चा दिलात तर ताटाखाली लपवते. खोटं बोलताना डावा कान खाजवते. मी नुसता मान हलवत होतो. यांच्या घरात मी किती गोष्टी चुकीच्या करतो, त्याची ही उजळणीच होती.

दुपारी मी ऑफिसात गेलो. पोस्टकार्डं बघायला, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आजी कोणाशी बोलतात ते बघायला. त्या पाठमोऱ्या होत्या. "खोली लहान चालेल," त्या फोनवर म्हणत होत्या, "पण खिडकी हवी. पलंग तुमचा असू दे. कपाट मी माझं आणीन."

मी पोस्टकार्ड ठेवून तसाच परत आलो.

म्हणजे पुढच्या वर्षीची केबिन आत्ताच ठरवतायत. वेगळी, लहान, एकटीसाठी. माझ्याबरोबर एका छपराखाली आठवडाही नको. एकच उलगडत नाही. आठवड्याच्या सुट्टीला कोणी कपाट घेऊन येतं का?

बायकोला सांगितलं नाही. सासू-सुनेत माझ्यामुळे वितुष्ट नको. दुकानावरची खोली अजून रिकामी आहे, हे मात्र मनात येऊन गेलं.

बुधवार

आज मोठाच फरक पडला. सकाळी मी शेगडी पेटवली, पहिल्याच काडीत, धूर न करता. आजी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "जमलं की रे तुला. चहा टाक आता."

रे. तुला. टाक.

लग्नाच्या दिवसापासून त्या मला अहो-जाहो करत आल्या आहेत. आज एकदम अरे-तुरेवर आल्या. मी दिवसभर आठवून पाहिलं, काल असं काय चुकलं? वेणी? की ऑफिसात मला पाहिलं त्यांनी? दुपारीही तेच. "तू मीठ कमी खात जा." "तुझ्या शर्टाचं बटण लोंबतंय, आण इकडे." बटण लावूनही दिलं, दाताने दोरा तोडला आणि शर्ट माझ्या अंगावर टाकला.

बायकोला म्हणालो, "त्या रागावल्यात वाटतं."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुला खरंच तसं वाटतं?" म्हणाली आणि हसत भांडी विसळायला गेली. हसण्यासारखं यात काय होतं, विचारायला हवं होतं.

गुरुवार, संध्याकाळ

हात सोलून निघालेत, पेन धरवत नाही, तरी आजचं आजच लिहितो.

बायको सामान आणायला गाडी घेऊन गावात गेली होती. मी पायरीवर बसलो होतो. आजी ऑफिसाच्या वाटेने आल्या, जवळजवळ पळत. मी त्यांना कधी भरभर चालतानाही पाहिलेलं नाही.

"दुसरी होडी सोड," त्या म्हणाल्या. "खार रागावून एकटीच बेटावर गेली."

बेटाच्या कडेला नारिंगी ठिपका दिसत होता. लाइफ जॅकेट घालून गेली होती, म्हणजे रागातही डोकं ठिकाणावर होतं. पण वारा सुटला होता आणि पाण्यावर सुरकुत्या पडायला लागल्या होत्या. ऑफिसातला माणूस सरपण आणायला गेलेला, आसपास कोणी नाही.

"मला वल्हवता येत नाही," मी म्हणालो.

"माझा उजवा खांदा कामातून गेलाय. डावं वल्हं मी घेते, उजवं तू घे. बस."

बसलो शेजारी शेजारी, एकेक वल्हं धरून. मी जोर लावला आणि होडी गोल फिरली. पुन्हा लावला, पुन्हा धक्क्याकडे तोंड. "माझ्याकडे बघू नकोस, माझा श्वास ऐक," त्या म्हणाल्या. "मी श्वास सोडला की ओढ." सत्तरी उलटलेल्या बाईचा श्वास ऐकत मी ओढायला लागलो. मग होडी वाकडीतिकडी का होईना, पण पुढे सरकायला लागली.

मधेच मला राहवलं नाही. "तुम्हाला हे खारच्या बाबांनी शिकवलं का?"

त्यांचं वल्हं थांबलं. "त्याने? तो होडीत बसला की डोळे मिटून घ्यायचा. पाण्याला भ्यायचा लहानपणापासून. वल्हवायची मी. तो मागे बसून पोरीला गोष्टी सांगायचा, डोळे मिटूनच."

"आणि शेगडी?"

"शेगडी काय?"

"ती कोण पेटवायचं?"

"मीच. त्याला धुराने खोकला व्हायचा. ओढ."

मी ओढलं. इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात वाढलेला तो रुंद खांद्यांचा माणूस तळ्याच्या मध्यावर कुठेतरी उतरून गेला. जाड चष्म्याचा, डोळे मिटून गोष्टी सांगणारा दुसराच कोणी माझ्यासमोर बसला. तो मला जास्त आवडला.

बेटावर खार खडकावर बसली होती, जॅकेटची नाडी चावत. आम्ही काठाला लागलो, म्हणजे आपटलो, तेव्हा तिने आजींकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"आजी जाणार आहे. म्हाताऱ्या लोकांच्या त्या घरात राहायला. कायमची. मी ऑफिसात गेले होते, ती फोनवर तारीख सांगत होती."

खोली लहान चालेल. कपाट मी माझं आणीन. मी मटकन बसलो, दगडावर की पाण्यात ते न बघता. पाण्यात होतं.

"मला वाटलं, त्या पुढच्या वर्षीची केबिन ठरवतायत," मी म्हणालो.

"केबिनला कपाट कोण नेतं?" खार म्हणाली.

"तेच मला कळत नव्हतं."

आजींचा ओठ हलला. हसू आलं की दुसरं काही, सांगता येणार नाही. त्या खारशेजारी बसल्या आणि तळ्याकडे बघत बोलायला लागल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "तुझ्या आईने नवा संसार मांडलाय. चांगला मांडलाय. त्यात मी म्हणजे जुन्या घरातलं राहून गेलेलं सामान. हा बिचारा बसायच्या आधी खुर्चीकडे बघतो, खोकायचं तर मोरीत जाऊन खोकतो. स्वतःच्या घरात माणसाने मोकळेपणी खोकावं."

"मी लहानपणापासूनच हळू खोकतो," मी म्हणालो.

"गप्प बस."

"मला वाटत होतं, तुम्हाला माझा त्रास होतो. मीच दुकानावरच्या खोलीत झोपायला जायचं मनात आणत होतो."

त्या माझ्याकडे वळल्या. एवढा वेळ त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलेलं नव्हतं. "तू कशाला जायचंस?"

"आणि तुम्ही कशाला?"

मला बोलायची सवय नाही. दुकानात मी फक्त वरची ओळ वाचा, आता खालची वाचा, एवढंच बोलतो. पण आज आपोआप बोललो. "वेणी तुम्ही शिकवलीत, ती काही आली नाही. ताप चढतो हे सांगितलंत. पण तो चढल्यावर मी तिथे एकटा काय करणार? तुम्ही सांगितलेलं सगळं मी घोकीन. पण नुसतं घोकून होत नाही. तुम्ही हव्यात, आई."

तो शब्द कुठून आला, मला माहीत नाही. तोंडातून गेला आणि मग कानावर पडला. खारने नाडी चावायची थांबवली.

आजी उठल्या, साडी झटकली. "बास. आता या विषयावर कोणी एक शब्द काढायचा नाही. हिच्या आईशी मी बोलेन. काय करायचं ते मी ठरवीन." खारने तोंड उघडलं तर तिलाही बोट दाखवलं.

येताना खारची होडी मागे बांधली आणि ती आमच्यासमोर बसली. "डावं. उजवं. डावं हळू. अहो, तुम्ही उजवं." ती सांगेल तसं आम्ही ओढत आलो. धक्क्यावर बायको उभी होती, हातात पावाची पिशवी. तिला काही विचारायचं होतं, पण आमचे चेहरे पाहून तिने आधी पिशवी खाली ठेवली आणि खारला वर ओढून घेतलं.

मग त्या दोघी, सासू-सून, धक्क्याच्या टोकाला जाऊन बसल्या. मी केबिनच्या खिडकीतून पाहिलं. ऐकू काही आलं नाही. एकदा बायको उठून उभी राहिली, मग परत बसली आणि तिने आजींच्या खांद्यावर डोकं टेकवलं. घरात आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "जेवायला बसू या."

शुक्रवार

दिवसभर कोणी काही बोललं नाही. मी शब्द पाळला. खार दोनदा माझ्याजवळ आली आणि नुसतीच उभी राहिली. दुसऱ्यांदा मी म्हणालो, "मलाही माहीत नाही." ती म्हणाली, "ठाऊक आहे." मग आम्ही दोघांनी मिळून बटाटे सोलले. तिने विचारलं, "बाबांचा नंबर किती असेल?" फोटोवरून सांगता येतो तेवढा मी सांगितला, आणि जाड भिंगातून कडेच्या वस्तू कशा दिसतात तेही. तिने बरंच विचारलं. पाण्याकडे बघितलं तर काय दिसत असेल, डोळे मिटल्यावर बरं का वाटत असेल. कुरतडायचं विसरून ती ऐकत होती.

जेवणानंतर आजी ऑफिसात गेल्या. खारने माझा हात धरला. पहिल्यांदाच. बहुधा माझ्या सोललेल्या तळव्याचं तिच्या लक्षात नव्हतं, कारण फार घट्ट धरला. मी सोडवला नाही.

परत आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. पत्ते काढा म्हणाल्या, आणि दोन डाव आम्हा सगळ्यांना हरवलं.

शनिवार, सकाळ

सामान गाडीत भरून झालंय. हे टेबलावर बसून लिहितोय, बायको झाडून घेतेय तोवर.

न्याहारीच्या वेळी आजी पावाला लोणी लावता लावता म्हणाल्या, "काल त्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. तिथे खोल्या वरच्या मजल्यावर, आणि जिना फार उभा आहे म्हणे."

मला वाटलं, एवढ्याशा अडचणीने त्यांच्या मनातलं राहून जाऊ नये. कोणी काही बोलायचं नाही हे कबूल, पण मदत करायला कुठे बंदी होती? मी म्हणालो, "जिन्याला भक्कम कठडा बसवून घेता येतो. मी बोलतो त्यांच्याशी."

टेबलाखालून खारने माझ्या पायावर पाय दिला, चांगला टाच रोवून. बायकोने कप खाली ठेवला, तोंड फिरवलं, आणि तिचे खांदे हलायला लागले.

आजींनी सुरी बाजूला ठेवली. "कठडा बसवायचाच असेल तर आपल्या जिन्याला बसव," त्या म्हणाल्या. "मी तिथे रोज भिंत धरून उतरते, ते कोणाला दिसत नाही."

मला जरा वेळ लागला. मग घास गिळून मी विचारलं, लाकडी की लोखंडी?

लाकडी, म्हणाल्या. लोखंड थंडीत हाताला गार लागतं.